बिऱ्हाड बदलणे

बिऱ्हाड बदलणे म्हणजे एखाद्या कुटुंबाने राहते घर सोडून घरसामानासह दुसऱ्या घरी राहावयास जाणे. यात जुन्या घराचा हिशोब मिटवणे, सामानाची छाननी व बांधणी, वाहतूक, नव्या घरातील मांडणी आणि निरनिराळ्या कार्यालयांतील पत्त्याच्या नोंदी बदलणे या कामांचा समावेश होतो. सामान हलवण्याचे काम बहुधा एका दिवसात संपते, तर पत्ता बदलण्याचे काम अनेक महिने चालते. या काळात जुने दस्तऐवज गहाळ झाल्यास शिक्षण, निवारा, मतदान व शासकीय सवलती यांविषयीचे हक्क सिद्ध करणे कठीण होते. म्हणून बिऱ्हाड बदलण्याच्या पूर्वतयारीत भांड्याकुंड्यांपेक्षा कागदपत्रांना अधिक महत्त्व आहे.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः मुंबई महानगर प्रदेशातील पद्धतींचा विचार केला आहे. उदाहरणादाखल ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील बदलापूर शहर आणि त्याच्या पश्चिम भागातील मांजर्ली हा परिसर घेतला आहे.

## शब्द आणि वाक्प्रचार

‘बिऱ्हाड’ या शब्दाचा मूळ रोख तात्पुरत्या मुक्कामाकडे आहे. ‘बिढार’ हे त्याचेच दुसरे रूप होय. पुढे हा शब्द भाड्याच्या घरातील संसारासाठी रूढ झाला. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला ‘बिऱ्हाडकरू’ म्हणत, आणि एका वाड्यात किती कुटुंबे राहतात हे सांगताना ‘इतकी बिऱ्हाडे आहेत’ असे म्हटले जाई. सतत जागा बदलणाऱ्या माणसाविषयी ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण वापरतात.

मुक्काम हलवण्याविषयी मराठीत आणखीही वाक्प्रचार आहेत. ‘चंबूगबाळे आवरणे’ म्हणजे किरकोळ सामानसुमान गोळा करून निघणे. ‘गाशा गुंडाळणे’ यातील गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालावयाचे वस्त्र. बदलापूर या नावाविषयी सांगितली जाणारी लोककथाही घोड्यांशीच निगडित आहे. जुन्या काळी प्रवासी व स्वार येथे थकलेले घोडे बदलून पुढे जात, म्हणून गावास हे नाव पडले, असे ती कथा सांगते.

## पार्श्वभूमी

कल्याणच्या पुढील पट्ट्यातील शहरांची वाढ मोठ्या प्रमाणावर बिऱ्हाडे हलवून आलेल्या कुटुंबांमुळे झाली आहे. फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळील लष्करी छावणीत आसरा देण्यात आला. त्या वसाहतीचे ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर असे नामकरण झाले. छावणीचे विभाग आजही ‘कॅम्प’ आणि क्रमांक या रूपाने तेथील पत्त्यांत टिकून आहेत.

बदलापूर मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर आहे. कल्याणपासून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंतची रेल्वे १२ मे १८५६ रोजी सुरू झाली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर स्थानक सुमारे ६८ किलोमीटर अंतरावर आहे. मुंबईतील घरांच्या किमती आणि भाडी परवडेनाशी झाल्यावर चाळींतील कुटुंबे प्रथम ठाणे, डोंबिवली व कल्याण आणि नंतर अंबरनाथ व बदलापूर येथे येत गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातून बाहेर पडलेल्या कुटुंबांचाही या ओघात वाटा आहे. जनगणनेनुसार कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील लोकसंख्या २००१ मध्ये ९७,९४८ होती. २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली.

शहर लोहमार्गाने पूर्व व पश्चिम अशा दोन भागांत विभागले आहे. कुळगाव पूर्वेस, तर जुने बदलापूर गाव, मांजर्ली, हेंद्रेपाडा, रमेशवाडी, सोनिवली, वालिवली हे भाग पश्चिमेस, उल्हास नदीच्या बाजूस आहेत.

येथे दोन प्रकारची बिऱ्हाडे हलताना दिसतात. पहिला प्रकार मुंबईतील खोली सोडून स्वतःच्या सदनिकेत येणाऱ्यांचा. दुसरा प्रकार भाडेकरार संपला की त्याच शहरात एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाणाऱ्यांचा. पहिल्या प्रकारच्या कुटुंबाला ही तयारी आयुष्यात एकदाच करावी लागते, तर दुसऱ्याला ती वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा करावी लागते.

## काळाची निवड

महाराष्ट्रात बिऱ्हाड बदलण्याचा हंगाम प्रामुख्याने एप्रिल व मे महिन्यांचा असतो. शाळांच्या वार्षिक परीक्षा संपलेल्या असतात आणि नवे शैक्षणिक वर्ष बहुतांश भागात जूनच्या मध्यास सुरू होते. मुंबई परिसरात मोसमी पाऊसही साधारणतः जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दाखल होतो. त्यामुळे मेच्या अखेरीस टेम्पो व हमालांची मागणी वाढते आणि दरही चढतात. महिन्याची अखेर व पहिली तारीख, तसेच शनिवार-रविवार या दिवशीही हीच स्थिती असते.

अनेक कुटुंबे गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया किंवा दसरा या मुहूर्तांवर नव्या घरात प्रवेश करतात. अमावास्या व पितृपक्ष टाळण्याची रूढीही आढळते. मुहूर्त आणि वाहनाची उपलब्धता यांचा मेळ बसत नसल्यास मुहूर्तावर केवळ देव, दिवा व पाण्याने भरलेला कलश नव्या घरात नेतात आणि सामान सोयीच्या दिवशी हलवतात.

तयारीचा क्रम सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे आखला जातो.

- दोन महिने आधी: घरमालकास सूचना, शाळेची चौकशी, जुन्या कागदपत्रांची छाननी.
- एक महिना आधी: नको असलेल्या वस्तूंची विल्हेवाट, वाहतूकदारांकडून लेखी दरपत्रके, दोन्ही इमारतींच्या सोसायट्यांना कळवणे.
- पंधरा दिवस आधी: क्वचित लागणाऱ्या वस्तूंची बांधणी, गॅस व इंटरनेट जोडणीविषयी अर्ज.
- शेवटचा आठवडा: नव्या घराची साफसफाई, वीज व पाण्याची तपासणी, किराणा संपवणे.
- आदला दिवस: फ्रिज बंद करून कोरडा करणे, वातानुकूलन यंत्र तंत्रज्ञाकडून उतरवून घेणे, पहिल्या रात्रीची पिशवी भरणे.

## नव्या घराची पाहणी

सामान हलवण्यापूर्वी नव्या घराची पाहणी एकदा दिवसा आणि शक्य झाल्यास एकदा पावसाळ्यात करणे हितावह मानले जाते. पाहणीत पाण्याची वेळ व दाब, भिंतींची ओल, विजेचे भारमान, उद्वाहनाचा आकार आणि जिन्याची रुंदी या बाबी पाहतात. अंबरनाथ व बदलापूर येथे पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणामार्फत होतो. पाणी किती वेळ येते आणि इमारतीच्या टाकीची क्षमता किती आहे, यांची माहिती आधीपासून राहणाऱ्या शेजाऱ्यांकडून मिळते. मोठे कपाट किंवा पलंग दारातून आत जाईल की नाही हे मोजपट्टीने आधीच ठरवले, तर ऐन वेळी सामान जिन्यात अडकण्याचा प्रसंग टळतो.

बदलापूर पश्चिमेत नदीच्या पुराचा विचार अपरिहार्य ठरतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि उल्हास नदीच्या काठच्या वस्त्यांनाही पुराचा तडाखा बसला. २७ जुलै २०१९ रोजी पुन्हा आलेल्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकली आणि प्रवाशांची सुटका करावी लागली. म्हणून या भागात तळमजल्याचे घर घेताना या दोन वर्षी पाणी कोठवर आले होते, हे इमारतीतील जुन्या रहिवाशांना विचारतात. तळमजल्यावर राहावयाचे असल्यास कागदपत्रे, विजेची उपकरणे आणि धान्य यांची जागा प्रथमपासूनच उंचावर ठरवावी लागते.

नव्याने बांधलेल्या इमारतीत सदनिका घेतली असल्यास भोगवटा प्रमाणपत्र महत्त्वाचे असते. महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा, १९६३ नुसार असे प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी बांधकाम व्यावसायिकाने ताबा देऊ नये आणि ग्राहकानेही तो घेऊ नये. प्रमाणपत्राविना राहावयास गेल्यास पाणी व वीज जोडणी आणि पुढे कर्ज किंवा पुनर्विक्री यांत अडचणी उद्भवतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत आढळलेले बांधकामातील दोष व्यावसायिकाने विनामूल्य दूर करावयाचे असतात. त्यामुळे भिंती सामानाने झाकल्या जाण्यापूर्वी रिकाम्या घराची छायाचित्रे काढून ठेवणे उपयुक्त ठरते.

## भाडेकरार आणि जुने घर सोडणे

महाराष्ट्रात घरभाड्याचे व्यवहार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार चालतात. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. सध्याचे बहुतेक व्यवहार ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे अनुमती व परवाना या स्वरूपाचे असतात. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार सक्तीची असल्याने अकरा महिन्यांचा करार करण्याची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्यातील कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदवलेला नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरवले जाईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

नोंदणीकृत करार बिऱ्हाडकरूच्या दृष्टीने केवळ राहण्याचा परवाना नसून नव्या पत्त्याचा पहिला पुरावाही असतो. आधार, बँक, शाळा, गॅस अशा पुढील बहुतेक नोंदी त्याच्या आधारे बदलता येतात. करार नसल्यास ही सारी साखळी पहिल्याच कडीपाशी अडते.

करार संपल्यावर घर रिकामे करण्याची तारीख काटेकोरपणे पाळावी लागते. कलम २४ नुसार परवान्याची मुदत संपूनही जागा न सोडणारा परवानाधारक ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई देण्यास पात्र ठरतो. नव्या घराचा ताबा लांबल्यास हा धोका संभवतो. त्यामुळे दोन्ही घरांच्या तारखांत काही दिवसांचे अंतर ठेवतात. त्या दिवसांचे दुहेरी भाडे हा तयारीच्या खर्चाचाच भाग समजला जातो.

घर सोडताना वाद होतो तो बहुधा अनामत रकमेवरून. तो टाळण्यासाठी राहावयास येताना व जाताना अशा दोन्ही वेळी घराची छायाचित्रे घेणे, वीज मीटरचे वाचन नोंदवणे, शेवटची देयके भरून पावत्यांच्या प्रती घरमालकास देणे आणि किल्ल्या परत केल्याची लेखी पोच घेणे ही कामे केली जातात. रंगकाम व दुरुस्तीपोटी किती रक्कम कापावयाची, हे करारातच नमूद असणे चांगले.

गृहनिर्माण सोसायटीतील सदस्य आपली सदनिका भाड्याने देतो तेव्हा सोसायटी त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार त्याची कमाल मर्यादा सेवाशुल्काच्या दहा टक्के आहे. भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्यास कळवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. त्यासाठी भाडेकरूने ओळखपत्राची प्रत व छायाचित्र द्यावे लागते.

## कागदपत्रांची छाननी

बिऱ्हाड आवरताना माळ्यावरील ट्रंका आणि जुन्या पिशव्या उघडल्या जातात. वापरात नसलेले कागद याच वेळी रद्दीत जातात. यातील काही कागद पुन्हा मिळवणे जवळजवळ अशक्य असते.

जातीच्या दाखल्यासाठी व त्याच्या पडताळणीसाठी अर्जदाराच्या वडील, आजोबा किंवा अन्य रक्तनात्यातील पूर्वजांच्या जुन्या नोंदी मागितल्या जातात. महाराष्ट्रात वास्तव्य व जातीचा पुरावा म्हणून अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे दिनांक आधारभूत मानले जातात. त्यामुळे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा उतारा किंवा सेवापुस्तकाचे पान हे दिसावयास जीर्ण कागद नातवंडांच्या प्रवेशासाठी व नोकरीसाठी निर्णायक ठरू शकतात.

गिरणी कामगारांच्या कुटुंबांबाबतही हेच घडते. मुंबईतील गिरण्यांच्या जमिनीवरील घरांच्या योजनेत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेल्या कामगारांचा व त्यांच्या वारसांचा विचार होतो. गिरणीचे ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, कामगार विमा योजनेचे कार्ड किंवा सेवा प्रमाणपत्र यांवरून पात्रता ठरते. गिरणगावातील खोली सोडताना हे कागद हरवले, तर वारसांना कामगाराची नोकरी सिद्ध करणे कठीण जाते.

म्हणून छाननीत कागदांचे तीन गट करणे सोयीचे असते. पहिला गट कायम जपावयाचा: जन्म, मृत्यू व विवाह यांचे दाखले, शाळेचे दाखले, जमिनीचे व घराचे दस्त, जातीचे दाखले, पूर्वजांच्या नोंदी. दुसरा गट काही वर्षे ठेवावयाचा: कर, बँक, विमा, जुने भाडेकरार, वीज देयके. ही देयके जुन्या पत्त्यावरील वास्तव्याचा पुरावा असतात आणि महाराष्ट्रातील पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवून अधिवास प्रमाणपत्र घेताना उपयोगी पडतात. तिसरा गट टाकून द्यावयाचा. पहिल्या गटाची स्कॅन केलेली प्रत ठेवून मूळ कागद टेम्पोत न देता घरातील जबाबदार व्यक्तीने स्वतःसोबत नेतात. दागिने, रोख रक्कम, बँकेची पुस्तके, चेकबुके आणि नेहमीची औषधे हीही याच पिशवीत असतात.

## सामानाची निवड व बांधणी

पूर्वी घरसामान वळकटी, लोखंडी ट्रंक, गोणपाट आणि सुतळी यांत बांधले जाई आणि हातगाडीवरून किंवा रेल्वेने हलवले जाई. आता पुठ्ठ्याची खोकी, चिकटपट्टी, फुग्यांचे प्लॅस्टिक आणि ताणले जाणारे प्लॅस्टिक वापरतात. जुन्या साड्या, चादरी व टॉवेल काचेच्या व चिनी मातीच्या वस्तूंभोवती गुंडाळल्यास वेगळे आवरण विकत घ्यावे लागत नाही आणि कपडेही सोबत हलतात.

लहान घरात जाताना काय न्यावयाचे नाही, हे आधी ठरवावे लागते. चाळीतील मांडणी, पाण्याचे पिंप, पाटा-वरवंटा, जाते यांना सदनिकेत जागा मिळेलच असे नाही. याविषयीचे निर्णय घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घेतल्यास पुढील मनस्ताप टळतो. कारण नव्याने संसार मांडणाऱ्याला अडगळ वाटणारी वस्तू दुसऱ्यासाठी अनेक वर्षांची सोबत असते.

बांधणीचे काही सर्वमान्य नियम पुढीलप्रमाणे आहेत.

- पुस्तके व जड वस्तू लहान खोक्यांत, तर हलक्या वस्तू मोठ्या खोक्यांत भरतात. खोके एका माणसाला उचलता आले पाहिजे.
- ताटे आडवी न रचता उभी ठेवतात. त्यामुळे धक्का बसल्यास फुटण्याचा संभव कमी होतो.
- प्रत्येक खोक्यावर क्रमांक व नव्या घरातील खोलीचे नाव लिहितात आणि क्रमांकानुसार यादी वहीत ठेवतात. मौल्यवान वस्तूंचा उल्लेख खोक्यावर करत नाहीत.
- पलंग, मेज इत्यादी सुटे केल्यावर त्यांचे स्क्रू पिशवीत घालून त्याच वस्तूस बांधतात.
- फ्रिज उभाच नेतात आणि पोहोचल्यावर काही तास थांबून मगच सुरू करतात.
- समोरून उघडणाऱ्या कपडे धुण्याच्या यंत्राचा पिंप हलू नये म्हणून त्याचे वाहतुकीचे बोल्ट पुन्हा बसवतात.
- इन्व्हर्टरची बॅटरी आम्ल सांडू नये म्हणून उभी ठेवतात.
- लोणच्याच्या बरण्या, तेल व तूप यांच्या तोंडाला प्लॅस्टिक बांधून ती खोकी वेगळी ठेवतात.

## वाहतूक

एका शयनगृहाच्या घरातील सामानासाठी शहरांतर्गत वाहतुकीत लहान टेम्पो वापरला जातो. २००५ मध्ये बाजारात आलेला टाटा एस हा टेम्पो ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखला जातो. त्याची भारक्षमता सुमारे पाऊण टन असते. मोठ्या सामानासाठी पिकअप किंवा बंद टेम्पो घेतात. मुंबईहून बदलापूरला येणारी वाहने कल्याण–बदलापूर किंवा काटई–बदलापूर रस्त्याने येतात. शहरात पूर्वेकडून पश्चिमेस जाण्यासाठी लोहमार्गावरील उड्डाणपूल ओलांडावा लागतो. गर्दीची वेळ टाळण्यासाठी अनेक जण पहाटे सामान भरतात.

बांधणीपासून मांडणीपर्यंतचे काम करणाऱ्या व्यावसायिकांना ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ म्हणतात. त्यांचे दर सामानाचे आकारमान, अंतर, दोन्ही ठिकाणचे मजले, उद्वाहनाची सोय आणि वाहन दारापासून किती दूर उभे राहील यांवर अवलंबून असतात. कमी दर सांगून सामान भरल्यावर जादा रकमेसाठी अडवणूक करणे किंवा नामांकित कंपनीसारखे नाव धारण करणे, असे फसवणुकीचे प्रकार या व्यवसायात आढळतात. त्यामुळे सामान प्रत्यक्ष पाहून दिलेले लेखी दरपत्रक, कार्यालयाचा पत्ता, वाहन क्रमांक आणि चालकाचा दूरध्वनी क्रमांक घेणे आवश्यक ठरते. संपूर्ण रक्कम आगाऊ देणे टाळावे लागते.

मालवाहतूकदाराची जबाबदारी रस्त्याने मालवाहतूक अधिनियम, २००७ मध्ये निश्चित केली आहे. वाहतूकदाराच्या ताब्यात सामान देताना मालाचे वर्णन व किंमत लिहिलेले पत्रक भरावयाचे असते आणि त्याने पावती द्यावयाची असते. अधिक मूल्य जाहीर केलेले नसल्यास वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित राहते. नुकसानीबाबत दावा करण्यापूर्वी सामान नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी सूचना देणे बंधनकारक आहे. म्हणून सामान उतरवून घेतानाच यादीशी ताळा करून मोडतोड पावतीवर नोंदवली जाते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. दूरवर बिऱ्हाड हलवलेल्या ग्राहकाला जुन्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

भरलेला गॅस सिलिंडर, रॉकेल, फटाके अशा ज्वलनशील वस्तू रेल्वेने प्रवासी सामान म्हणून नेण्यास मनाई आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ नुसार या अपराधास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

## पत्ता बदलाच्या नोंदी

आधार: आधारवरील पत्ता नोंदणीकृत भाडेकरार किंवा अन्य मान्य पुराव्याच्या आधारे ऑनलाइन बदलता येतो. करार एकाच व्यक्तीच्या नावे असल्यास इतरांची अडचण होत असे. २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने त्याचाच पत्ता इतर सदस्यांच्या आधारवर घेण्याची सोय झाली आहे.

मतदार यादी: निवासस्थान बदलल्यावर मतदाराने नमुना ८ भरावयाचा असतो. मतदारसंघ तोच असो वा बदललेला, ऑगस्ट २०२२ पासून हाच नमुना वापरला जातो. एकाहून अधिक ठिकाणी नाव ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. लहान अंतरातही मतदारसंघ बदलू शकतो. अंबरनाथ व बदलापूर ही लागोपाठची स्थानके असली, तरी अंबरनाथ शहर अंबरनाथ विधानसभा व कल्याण लोकसभा मतदारसंघात, तर बदलापूर मुरबाड विधानसभा व भिवंडी लोकसभा मतदारसंघात मोडते.

शिधापत्रिका: राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ खालील लाभार्थ्यांना ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे बोटांच्या ठशांची ओळख पटवून कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य घेता येते. ऑगस्ट २०१९ मध्ये ही सोय प्रायोगिक स्वरूपात प्रथम ज्या राज्यांच्या जोड्यांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र व गुजरात ही जोडी होती. धान्य सुरू राहिले, तरी शिधापत्रिकेवरील पत्ता बदलण्यासाठी पुरवठा कार्यालयात नोंद बदलावीच लागते.

गॅस जोडणी: त्याच शहरात किंवा जवळच्या भागात जाताना सिलिंडर परत न करता वितरक बदलता येतो. दूरच्या ठिकाणी जाताना सिलिंडर व रेग्युलेटर जमा करून अनामत रक्कम आणि हस्तांतरण पत्र घेतात. त्या पत्रावर नव्या गावी पुन्हा जोडणी मिळते.

वीज व कर: बदलापुरात वीजपुरवठा महावितरणकडून होतो. मालकी बदलली असल्यास वीज देयकावरील नाव महावितरणकडे आणि मालमत्ता करावरील नाव नगरपरिषदेकडे अर्ज करून बदलावे लागते. जुन्या मालकाची थकबाकी नाही, याची खात्री ताबा घेण्यापूर्वी करतात.

वाहन: मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४९ नुसार नोंदणी प्रमाणपत्रावरील पत्ता बदलल्यास ३० दिवसांच्या आत प्रादेशिक परिवहन कार्यालयास कळवावे लागते. बदलापूर कल्याण कार्यालयाच्या कक्षेत येते. तेथील वाहनांचा संकेतांक एमएच ०५ आहे.

टपाल व बँक: जुन्या भागातील टपाल कार्यालयास लेखी कळवल्यास पत्रे नव्या पत्त्यावर पाठवली जातात. टपाल बचत खातेही दुसऱ्या कार्यालयात वर्ग करता येते. पारपत्रावरील पत्ता बदलण्यासाठी ते नव्याने घ्यावे लागते.

## मुलांचे शिक्षण

शाळकरी मुलांच्या दृष्टीने वर्षाच्या मध्यावर बिऱ्हाड बदलणे सर्वांत त्रासाचे असते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम ५ नुसार शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांत बदली मागण्याचा विद्यार्थ्यास हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यावयाचा असतो. तो मिळण्यास उशीर झाला, या कारणावरून नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. भाड्याने राहणाऱ्या व कामासाठी वारंवार जागा बदलणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी ही तरतूद फार महत्त्वाची आहे. कारण दाखल्याअभावी घरी बसलेले मूल शाळेपासून कायमचे तुटण्याचा धोका असतो. दहावी व बारावीच्या वर्षात बिऱ्हाड बदलणे बहुतेक कुटुंबे टाळतात. ते अपरिहार्य असल्यास विद्यार्थी जुन्याच शाळेत जातो आणि त्याचा रेल्वेचा पास हा घरखर्चातील नवा भाग बनतो.

## प्रथा व नव्या घरातील पहिले दिवस

स्वतःच्या घरात जाताना वास्तुशांत करण्याची रीत हिंदू कुटुंबांत प्रचलित आहे. भाड्याच्या घरात बहुधा साधी पूजा करतात. रिकाम्या हाताने नव्या घरात शिरू नये, असा संकेत आहे. त्यानुसार पाण्याने भरलेला हंडा किंवा कलश, धान्य व मीठ प्रथम आत नेतात. अनेक घरांत पहिल्या दिवशी दूध तापवून किंवा काही गोड करून शेजाऱ्यांना देतात. यातून होणारी ओळख व्यवहारातही उपयोगी पडते. कारण पाण्याची वेळ, दवाखाना, गिरणी आणि रिक्षाचा थांबा यांची माहिती शेजारीच देतात.

पहिल्या रात्री सर्व खोकी उघडणे शक्य नसते. म्हणून चहाचे सामान, दोन-चार भांडी, अंथरूण-पांघरूण, कपड्यांचा एक जोड, विजेरी, कात्री, झाडू आणि औषधे असलेली पिशवी वेगळी ठेवतात. मांडणीत स्वयंपाकघर आणि वृद्धांची झोपण्याची जागा यांना प्राधान्य देतात. वृद्धांना अंधारात नव्या घरातील उंबरठा व न्हाणीघराची पायरी यांचा अंदाज नसतो, त्यामुळे पहिल्या काही रात्री वाटेवर दिवा लावून ठेवण्याची काळजी घेतली जाते.

बांधणीच्या वेळी केलेली क्रमांकवार यादी शेवटचे खोके उघडेपर्यंत जपतात. त्याच वहीत पत्ता बदलण्याच्या अर्जांच्या पोचपावत्यांचे क्रमांकही लिहून ठेवल्यास राहिलेली कामे लक्षात राहतात. मतदार यादीतील नाव आणि शिधापत्रिकेवरील पत्ता या दोन नोंदी बदलणे बहुधा सर्वांत लांबणीवर पडते. भाडेकरार संपून दुसरे बिऱ्हाड करण्याची वेळ आली, तरी पहिल्या बदलाची नोंद झालेली नसते, असेही घडते.